आधी शेवटचं बटण

तीर्थरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हातात फरशी पुसायचं फडकं आहे. ते खाली ठेवलं की ढब्बू तोंडात घालतो, तेव्हा नमस्कार फडक्यासकट गोड मानून घे.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? सांगितलेले व्यायाम करतेस, की शेजारणीलाच करून दाखवायला सांगतेस? आणि मातीकामाचा वर्ग काय म्हणतो? तू पाठवलेला फुलदाणीचा फोटो मी फ्रीजवर लावला आहे. (ताईला ती किटली वाटली होती. मी तिच्याशी वाद घातला, पण फार नाही.) निवृत्त झालीस त्या दिवशी तू आम्हा सगळ्यांना समोर बसवून जाहीर केलं होतंस, की तुमची अख्खी फौज मी वाढवली, आता यापुढे मी माती मळेन, पण कुणाच्या पोराचं नाक पुसणार नाही. ते माझ्या पक्कं लक्षात आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, हे पत्र तुला बोलवायला लिहिलेलं नाही. मला फक्त कुणाला तरी सांगायचं आहे आणि इथे ऐकणारे जे दोघं आहेत ते मूळ गुन्हेगार आहेत.

ताईला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली हे तुला माहीत आहेच. त्या जागेसाठी ती किती वर्षं झुरत होती तेही माहीत आहे. रुजू होण्याआधी तिला दुसऱ्या शहरात प्रशिक्षणाला जावं लागलं. भावजी जहाजावर, त्यांना समुद्रातून उतरवता येत नाही. मी घरबसल्या काम करणारी, शिवाय मावशी, तेव्हा तिची दोन्ही पोरं, भिंगरी आणि ढब्बू, माझ्याकडे आली. (ढब्बू तुला आठवत असेल तो पाळण्यातला. आता तो चालतो. त्याला चालणं म्हणायचं, नाहीतर नुसतं पुढे पुढे पडणं आहे ते.) इथवर काही अवघड नव्हतं. अवघड आहे ते पाळणाघर. इस्पितळाच्या आवारातच आहे, छान आहे, पण तिथल्या बाई मुलांना प्रवेश देण्याआधी घरी येऊन पाहतात. शू लागली तर मुलांना सांगता यायला हवं, चमच्यानं आपलं आपण खाता यायला हवं, हात धुता यायला हवेत. धाकट्याला थोडी सूट, मोठीला नाही. येत नसेल तर प्रवेश नाही, आणि प्रवेश नसेल तर ताईनं नोकरीवर जायचं कसं? निघताना ताई मला म्हणाली, तेवढं तू बघशील ना. एवढंच म्हणाली. मी ते मनावर घेतलं. मी एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होतं हे तुला मी सांगायला नको.

मी शाळेत जायच्या आधी जे काही शिकले ते तुझ्याकडून, त्यामुळे मुलांना कसं शिकवायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. तुझी रीत मला तोंडपाठ होती. झग्याची सगळी बटणं तू लावायचीस आणि शेवटचं तेवढं माझ्यासाठी ठेवायचीस. ते मी लावलं की तू म्हणायचीस, झालं, शाबास, आणि मला वाटायचं सगळा झगा मीच घातला. बुटाची नाडी तू बांधायचीस, शेवटचा फास ओढायला मला द्यायचीस. गोष्ट वाचतानाही शेवटचा शब्द माझा. शेवट आला की मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्याही अलीकडचं, अशी मी मागे मागे सरकत शिकले. आईला वाटायचं तू मला उलटी वाढवते आहेस. मला मात्र रडल्याचं एकदाही आठवत नाही. मग मी दुसरी रीत कशाला शोधू?

तेव्हा मी तशीच सुरुवात केली. हात मी धुवायचे, पुसायचे भिंगरीनं. घास मी भरवायचे, रिकामा वाडगा सिंकमध्ये नेऊन ठेवायचा ढब्बूनं. भिंगरीला संडासावर बसवायचं मी, साखळी ओढायची तिनं. चड्डी गुडघ्यापर्यंत मी आणायची, वर ओढायची ज्यानं त्यानं. आणि प्रत्येक वेळी तुझ्यासारखंच, झालं, शाबास. आत्या, पहिल्या आठवड्यात मी इतकी खूश होते की ताईला कळवलं, काळजी करू नकोस. हे मी लेखी कळवलं.

माझं चुकलं ते पुढे. तू अलीकडच्या पायरीवर नेमकी कधी जायचीस? मला ते आठवेना. मी ठरवलं, शेवटची पायरी पक्की झाल्याशिवाय मागे सरकायचं नाही. तू म्हणशील, पक्की म्हणजे किती पक्की. तोच तर माझा रोग आहे. भिंगरी हात पुसायची, पण टॉवेल वाकडा टांगायची. ढब्बू वाडगा ठेवायचा, पण आपटून. अर्धवट पायावर पुढची वीट कशी ठेवायची? (तुला माहीत आहे, माझं पोटापाण्याचं काम म्हणजे मिक्सर आणि इस्त्र्यांबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांतल्या सूचना योग्य क्रमानं आहेत की नाहीत ते तपासणं. यावर तुला हसायचं असेल तर हस, मी थांबते.) म्हणून मी टॉवेल सरळ होईपर्यंत थांबले. मुलं थांबली नाहीत. त्यांनी मधल्या काळात निष्कर्ष काढला, की हात धुणं म्हणजे टॉवेल टांगणं.

आता घरात काय चालतं ते ऐक. भिंगरी माती खेळून येते, चिखलाचे हात टॉवेलला पुसते, टॉवेल अगदी काटकोनात टांगते आणि स्वतःलाच शाबास म्हणते. ढब्बूसमोर मी उकडलेला बटाटा कुस्करून ठेवला की तो भरलेला वाडगा उचलतो, अलगद, न आपटता (हे आता त्याला सुरेख जमतं) सिंकमध्ये नेऊन ठेवतो आणि म्हणतो, झालं. मग भुकेनं रडतो. मी चित्रांचं पुस्तक उघडलं की भिंगरी ते मिटते आणि संपलं म्हणते. साखळी दिवसभर ओढली जाते. टाकीतलं पाणी संपतं, तेव्हा संपलं हा शब्द तिथेही लागू पडतो. ढब्बू शू करतो ती जिथे उभा असेल तिथेच, पण नंतर चड्डी, ओली तशीच, कंबरेपर्यंत नेटकी ओढून घेतो. दोघांकडे शब्दांची कमी नाही. झालं, संपलं, बंद, शाबास, बाय. सगळे शेवटचे. दे, हवं, चल, लागली, असं काही सुरू करणारा एक शब्द म्हणून त्यांच्याकडे नाही. मी चहा ओतायला घेतला की भिंगरी बाजूला उभी राहून शाबास म्हणते. मला त्याचा इतका राग येतो आणि इतकं बरंही वाटतं, की चहा बशीत पडतो.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण ताई रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करते. फोन संपला की लाल खुणेवर बोट ठेवायचं हे मी भिंगरीला शिकवलं होतं, कारण तेही शेवटचंच होतं. आता ताईचा चेहरा पडद्यावर दिसला रे दिसला की भिंगरी आनंदानं बाय म्हणते आणि फोन बंद करते. ढब्बू टाळ्या पिटतो. ताई पुन्हा लावते, पुन्हा बाय. गेल्या आठवड्यात तिनं तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी फोन उंच धरला, तर ताईचे डोळे भरलेले. म्हणाली, "माझ्यावर रागावलीत गं ती. मी टाकून गेले ना त्यांना." मी तिला सांगितलं, तसं काही नाही, हे त्यांचं कौशल्य आहे. तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, जाऊ दे, प्रशिक्षण सोडून येते परत, नाही नशिबात नोकरी. मी तिला शपथ घालून चार दिवस थोपवलं.

त्या चार दिवसांत पाळणाघराच्या बाई येऊन गेल्या. उंच, शांत, मऊ तळव्यांचे बूट घालणाऱ्या. आल्या तशा खुर्चीत बसल्या आणि मुलांकडे नुसत्या बघत राहिल्या. मी पहाटेपासून घर पुसलं होतं. मुलांनी माझी मान खाली जाऊ नये म्हणून असेल नसेल ती सगळी कला दाखवली. भिंगरीनं बाईंना पाहताच बाय केलं. मग कोरडे हात पुसले, टॉवेल टांगला, बाईंच्या गुडघ्यावर थोपटून शाबास म्हणाली. ढब्बूनं भरलेला वाडगा सिंकमध्ये ठेवला. बाईंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला, तर तो न फोडताच त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. बाईंनी भिंगरीला जवळ घेऊन विचारलं, बाळा, शू लागली की काय म्हणायचं? भिंगरी म्हणाली, "झालं." आणि ते खरं होतं.

बाईंनी डब्याचं झाकण उघडून पुडा बाहेर काढला. मग म्हणाल्या, "इतकं नीट कुणी शिकवलं यांना?" मी म्हटलं, मी, पण रीत आत्याची. त्यांनी तुझ्याबद्दल बरंच विचारलं. मीही सांगितलं. त्या म्हणाल्या, रीत चांगली आहे, आम्हीही तीच वापरतो, फक्त तुम्ही शेवटच्या पायरीवरच बसून राहिलात. मला उचकी लागली, कारण त्या बरोबर होत्या, आणि बरोबर असलेल्या माणसासमोर मला ती लगेच लागते. जाताना त्या म्हणाल्या, विचार करून कळवते.

तर हे असं आहे. ताईची नोकरी माझ्या टॉवेलापायी जाणार, मुलं आयुष्यभर भरलेले वाडगे धुवायला टाकणार, आणि मी पुन्हा कुणाला काही शिकवायला जाणार नाही. तू स्वस्थ राहा. गुडघा जप. माती मळ. इकडची काळजी करू नकोस, इकडे काळजी करायला मी पुरेशी आहे.

तुझी,
पहिली आणि बहुधा शेवटचीच शिष्या

ता. क. पत्र बंद करायच्या आधी एक प्रयोग करून पाहिला. म्हटलं, तुझी रीत सोडून पहिल्या पायरीपासून शिकवावं. सकाळपासून फक्त नळ उघडायला शिकवलं. दोघांनाही एका फटक्यात आलं. आता घरातले सगळे नळ उघडे असतात आणि मी मोजे घालणं सोडून दिलं आहे.

ता. क. दुसरा. ढब्बू आज "शू" म्हणाला. आधी म्हणाला की नंतर, यावर भिंगरीचं आणि माझं एकमत नाही. पण म्हणाला. मी त्याला उचलून घेतलं, तेव्हा उत्तर मिळालं. तरीही मी त्याला खाली ठेवलं नाही.

ता. क. तिसरा. बाईंचा निरोप आला, तो वर लिहायचा राहिला. दोघांनाही त्या महिनाभर अर्धा दिवस घेऊन बघणार आहेत, पण एका अटीवर, की उरलेला अर्धा दिवस घरी कुणीतरी जाणतं माणूस त्यांना शिकवायला असावं. मी नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. जाणतं म्हणजे कोण, तर त्या दिवशी आपण ज्यांच्याबद्दल बोललो त्या तुमच्या आत्या येणार आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तोंडून गेलं आत्या. त्यांनी जागा धरून ठेवली आहे. ताईला कळवलं, तर ती फोनवर इतकी हसली की भिंगरी फोन बंद करायचं विसरली. ताई आता प्रशिक्षण सोडणार नाही. मी माझी खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे, पलंग भिंतीपासून सरकवून खिडकीशी आणला आहे म्हणजे गुडघ्याला ऊन मिळेल, आणि मातीची एक गोणी गॅलरीत आणून ठेवली आहे, ती कुंभाराकडची आहे, चांगली आहे असं तो म्हणाला. रविवारी स्टेशनवर तुला घ्यायला आम्ही तिघंही येऊ. बाकी सगळी तयारी पुरी झाली.

आता विचारते. येतेस का गं?