कळवायचं कोणाला

आई,

तू झोपली आहेस म्हणून उठवलं नाही. नुसती डोळे मिटून जागी असलीस, तरी असू दे. अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणाचा आज पहिला दिवस, सातला हजेरी आहे.

"रसायनशास्त्राची पदवी काय धूर खायला घेतलीस?" असं काल विचारलंस. खरं सांगू? हो. बाबा ज्या गोदामाची आग विझवायला गेले आणि परत आले नाहीत, तिथे आत काय साठवलंय हे बाहेर एकालाही ठाऊक नव्हतं. वासावरून, धुराच्या रंगावरून थोडंफार ओळखणारं कोणीतरी गाडीवर असायला हवं.

दूध तापवलंय. रक्तदाबाची गोळी आधी, चहा मग.

एक गोष्ट तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही. दलाच्या फॉर्मवर एक रकाना होता : काही बरंवाईट झाल्यास कोणाला कळवावं. तिथे मी मावशीचं नाव लिहिलं. रागाने नाही गं. बाबांच्या वेळी गणवेशातले ते दोघे आले, तेव्हा दार तू उघडलंस. तीन वर्षं झाली, अजूनही बेल वाजली की तू हातातलं काम टाकून ओट्याला धरून उभी राहतेस. ते दार पुन्हा तू उघडू नयेस. मावशीला विचारलं, तर "लिही माझं नाव," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी साडेसातपर्यंत येईन. उशीर झाला तरी बेल वाजवणार नाही. किल्ली घेतली आहे.

ठमी