एका तोपात चार रोपं

७८६

सालमिया, ता. ३ नोव्हेंबर २०२४

चि. झहूर यास,

फखरुन्निसा आपाचा सलाम आणि खूप दुआ. आम्ही तिघं अल्लाच्या मेहेरबानीने बरी आहोत. माहीनची परीक्षा चालू आहे.

यांच्या व्हॅनमधून परत आलेल्या रिकाम्या डब्यात तुझी चिठ्ठी मिळाली. खोलीत तुम्ही चौघे, फोनवर बोललास तर तिघे ऐकणार, हे मला पटतं. पण एवढं लपवून विचारलंस काय, तर टोमॅटोची रोपं पिवळी का पडतात! एका भांड्यात चार रोपं कोंबायची आणि वर आपाला विचारायचं, चुकलं कुठे. माझ्या गॅलरीत लबानच्या, ताकाच्या रिकाम्या बादल्या आहेत. एका बादलीत एकच मिरची. तांदळाचं धुवण घालते, खत कधी विकत आणलं नाही, तरी वर्षभर मिरची बाजारातून येत नाही. एवढ्याशा मातीत चौघांची मुळं एकमेकांच्या नरड्यावर बसणार, दुसरं काय होणार?

आणि हे डोकं तुझ्या खोलीतल्या सर्फराजचं म्हणे. त्याच्या डिप्लोम्याचं कौतुक तू मला ईदपासून ऐकवतो आहेस. मी दहावीच पास, पण न्हाणीघरात ट्यूबलाइटखाली टोमॅटो लावणारा विद्वान मी अजून पाहिला नव्हता. एक ठेवा, तीन उपटा. कुठलं ठेवायचं ते कळत नसेल तर डब्यातून एक पान पाठव.

नमाज चुकवू नकोस. माया आहेच, ती टिकेल असं वाग.

तुझी आपा

फिंतास, ता. ५ नोव्हेंबर

ती. आपास झहूरचा अदबीने सलाम.

कालची भाकरी आणि कोलंबीचं सुकं चौघांनी पुसून खाल्लं. पान ठेवलं आहे.

उपटायचं म्हटलं तर खोलीत भांडणच पेटलं. रोपं चार आणि आम्ही चार, ज्याचं त्याचं एक असं आधीच ठरलं होतं. आता कुणाचं काढायचं? मुकेश सुतार म्हणतो, सर्फराजचं खुरटं आहे, तेच काढा. सर्फराज म्हणतो, बी त्याने आणलं, तो हात लावू देणार नाही. झैद म्हणतो, चिठ्ठ्या टाका.

अजून एक सांगायचं होतं. भांडं म्हणजे तुझा जर्मनचा मोठा तोप, रमजानात हलीमसाठी दिलेला. पाणी साचू नये म्हणून सर्फराजने त्याच्या बुडाला पाच भोकं पाडली. रागावू नकोस, नवा घेऊन देईन. दुल्हाभाईंना सलाम, माहीनला प्यार. लोभ कमी करू नये.

तुझा झहूर

७८६

सालमिया, ता. ६ नोव्हेंबर

झहूर यास,

सलाम. दुआ आज नंतर करेन.

टोमॅटोचं पान मी रोज हाताळते. हे ते नव्हे, एवढं डबा उघडताच कळलं. काय आहे ते माहीनने सांगितलं. इंग्रजीत. शाळेत मुलांना चित्रं दाखवतात म्हणे. गांजाचं पान आपल्या ओट्यावर काय करतंय, असं पंधरा वर्षांच्या पोरीने मला विचारलं आणि मला मान खाली घालावी लागली. ते पान यांच्या व्हॅनमधून आलं, झहूर! वाटेत पोलिसांनी थांबवून यांची सिव्हिल आयडी पाहिली. डबा उघडला असता तर आज मी तुला पत्र लिहीत नसते, जेलच्या दारात उभी असते. या अरबांच्या मुलखात याला काय शिक्षा आहे, हे तुमच्या डिप्लोमावाल्याला कुणी शिकवलं नाही का?

आणि अकलेची कमाल पुढेच आहे. माझ्या भांड्यांच्या वहीत लिहिलेलं आहे: मोठा तोप, झहूरकडे, परत नाही. त्या तोपाच्या काठावर अम्मीने लग्नात माझं नाव घालून दिलंय, मुक्काम हर्णैसकट. नाव कोरलेल्या भांड्यात असलं पीक घेणारे चोर दुनियेत तुम्हीच. देवनागरी वाचणारा एक माणूस पोलिसांना मिळाला की झालं.

रोपं चार, माणसं चार. म्हणजे एक तुझं. हे लिहिताना तुला लाज वाटली नाही, मला वाचताना वाटली. आजच्या आज चारही उपट.

आपा

फिंतास, ता. ७ नोव्हेंबर

ती. आपास सलाम.

माफ कर. एक माझं आहे, खोटं बोलणार नाही. खोलीचं भाडेपत्रही माझ्याच नावावर आहे. काल रात्री हात घातला तर सर्फराजने धरला. म्हणतो, एक जरी उपटलं तर तो स्वतः पोलिसांना कळवेल, तोप दाखवेल आणि सगळं माझं म्हणून सांगेल. तीन आठवडे कळ काढ, पीक निघालं की आपोआप संपेल. माझ्यासाठी एवढं कर. डबा पाठवत जा.

झहूर

७८६

सालमिया, ता. ८ नोव्हेंबर

झहूर यास,

तीन आठवडे म्हणे! दूध नासल्यावरही तीन दिवस ठेवत नाही मी.

तू ड्यूटीवर असताना आज बसने फिंतासला जाऊन आले. दार सर्फराजने उघडलं. बायकांनी यात पडू नये, असा मला उपदेश केला. मी म्हटलं, मी पडायला नाही, माझं भांडं न्यायला आले आहे. पोलिसांना बोलवायचं असेल तर आत्ताच बोलाव, मी इथेच तसबीहची माळ घेऊन बसते, बी कुणी आणलं ते तुझ्या तोंडूनच ऐकू दे. त्याचा चेहरा असा उतरला की एवढ्या भित्र्या माणसाला माझा भाऊ घाबरतो, याचीच मला चीड आली.

एक रोप धरून ओढलं तर चारही एकदम वर आली, मातीच्या ढेकळासकट. मुळं अशी गुंतलेली की कुणाचं कुठलं, अल्लालाच ठाऊक. सर्फराज म्हणे, त्याचं तरी राहू द्या. मी म्हटलं, यातलं तुझं ओळखून दाखव. चिरून सगळं संडासात टाकलं, आठ बादल्या पाणी घातलं. तोप मांडीवर घेऊन परत आले. बसमध्ये शेजारच्या मल्याळी बाईने विचारलं, बिर्याणी विकता का?

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, झहूर घरात नको. आपला इथे राहायचा अकामा आहे, पोर आहे. चूक काहीच बोलले नाहीत. तरी हॉलमध्ये तुझी गादी घातली आहे. भाऊ म्हणून नव्हे. बाहेर ठेवला तर आठ दिवसांत दुसरा सर्फराज शोधशील म्हणून. तुझे कपडे मी घेऊन आले. खोली सोडली असं इमारतीच्या राखणदाराला, हारिसला सांगितलं आहे, उद्या भाडेपत्रावरून नाव काढून घे.

हे पत्र घेऊन हे तुझ्या साइटवर येतील. त्या खोलीकडे वळू नकोस, सरळ व्हॅनमध्ये बस. मागे बस. हे बोलणार नाहीत. तूही बोलू नकोस.

दुआ चालूच असते, त्याला माझा इलाज नाही.

आपा