एक काटा राहिला म्हणून

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या, जाड्या आणि अजूनही न सुधारलेल्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकलो खरा, पण कंबरेने परत सरळ व्हायला बराच वेळ घेतला.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला? अजूनही ते खोकल्याचं खापर बोटीच्या इंजिनावरच फोडतात का? सूनबाईला आशीर्वाद. धक्क्यावरच्या त्या बोक्याला काही नको, त्याला तू आधीच भरपूर देतेस. आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे काल दुपारपर्यंत नव्हतो, आता आहोत. ते कसं, हे सांगायलाच बसलोय, तेव्हा तूही चहा घेऊन बस.

शाळेच्या जेवणात मासा आपल्याच समुद्रातला हवा, असा नियम निघाला तेव्हा सगळ्यांत आधी मी तुला फोन केला होता. दाजी बोट विकायला निघाले होते, गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं, आणि विचारलं की तू नुसतं ‘बघू’ म्हणायचीस. तुझं ‘बघू’ म्हणजे काय ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यामुळे हा नियम कुणीतरी खास आपल्यासाठीच काढला, अशी माझी समजूत झाली. पोरांना मात्र कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी जन्मात मासा पाहिला तो परदेशातून खोक्यात आलेला, गोठलेला आणि चौकोनी, ना डोकं ना शेपूट. पहिल्या दिवशी मी तुझे बांगडे अख्खे भाजून वाढले (हौस, दुसरं काय), तर पहिलीतल्या एका मुलीने माशाच्या तोंडावर रुमाल टाकला आणि बाकीच्यांना हळू बोलायला सांगितलं. पुढच्या खेपेला तुकडे केले, तर काट्यांवरून रडारड. मग पालक आले. मुख्याध्यापिका बाई तशा भल्या, पण पालकांपुढे त्यांचंही काही चालत नाही. आणखी एक तक्रार आली तर नियमातून सवलत मागून आपण पुन्हा खोक्यांवर जाऊ, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे बोट गेलीच. म्हणून मी तुला लिहिलं, की काटे काढून पाठवता आलं तर बघ. (तू स्वतः का काढत नाहीस, असं विचारू नकोस. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात आचाऱ्याला कामं कमी असतात का?)

मला वाटलं होतं, मोठे मोठे काढशील. तू एकही ठेवला नाहीस. मग मीही डोकं चालवलं. जुन्या साच्यात घालून खोक्यातल्यासारख्याच चौकोनी वड्या पाडल्या, वरून पावाचा चुरा लावून भाजल्या, आणि पोरांनी ताटं चाटून पुसून साफ केली. मी इतका खूश झालो की भांडी घासणाऱ्या मावशींनाही नमस्कार करत सुटलो. त्यांना वाटलं, मला बरं नाही.

काल दुपारी निरीक्षकसाहेब हजर. आचारी जुनीच खोकी खपवतोय, असं कुणीतरी वर कळवलं होतं. त्यांनी वडी पाहिली. चौकोनी. मोडून पाहिली, चमच्याने कुस्करून पाहिली. काटा नाही. मी तुझी पावती पुढे केली, तर ती बर्फाच्या पाण्यात अशी भिजलेली की तिच्यावर फक्त वास शिल्लक होता. साहेब काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. ते हळूच म्हणाले, “इतकं साफ काम माणसाच्या हाताने होत नाही हो.” माझी बहीण करते, असं मी सांगितलं, पण माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. मला समोर तुमची बोट दिसत होती, आणि तिच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी रंग.

पण साहेब सकाळपासून उपाशी. बाईंनी आग्रह केला तेव्हा ते पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून, जेवायला बसले. एक वडी गेली, दुसरी गेली, तिसरीला ते थांबले. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. मावशींनी पाठीत असा दणका घातला की त्यांचा चष्मा पाण्याच्या भांड्यात पडला. पोरं खाणं सोडून बघत होती (शाळेत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती). शेवटी साहेबांनी घशातून काटा काढला, उजेडात धरला, आणि ताई, तो माणूस हसला. “यंत्राने हा सोडला नसता,” असं म्हणाला, आणि तिथल्या तिथे सही करून मोकळा झाला. ऑर्डर पक्की आहे. दाजींना सांग, गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळवा. मी कोठारात जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसलो आणि चक्क रडलो.

घरच्या सगळ्यांना सांभाळ, आणि स्वतःलाही.

तुझाच,
धाकटा

ता. क. तुझी बोटं चिमटा धरून धरून सुजलीत आणि तुला ब्लाउजचा हुकही लावता येत नाही, हे सूनबाईने तुझ्या भावजयीला सांगितलं. तू मला कळवलं नाहीस. मी रागावलोय. यापुढे एकही काटा काढायचा नाही.

पुन्हा ता. क. खरं काम राहिलंच. जाता जाता साहेब बाईंना म्हणाले, मासा नुसता आपला असून भागत नाही, पोरांना तो खाताही यायला हवा. तेव्हा येत्या गुरुवारी अख्खा मासा वाढायचा, आणि काटे कसे काढायचे ते आचारीमामा पोरांना शिकवतील. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. ताई, तू सासरी गेलीस तेव्हा मला मिशा फुटल्या होत्या, आणि त्या दिवसापर्यंत माझ्या ताटातला मासा तूच सोडवून द्यायचीस. पुढे ते काम तुझ्या भावजयीने न बोलता उचललं. सगळी नोकरी मासे शिजवण्यात गेली, पण मला काटा काढता येत नाही. गुरुवारी ये. त्या रुमालवाल्या मुलीशेजारी मी माझी जागा धरून ठेवली आहे. बोटांना मलम लाव आणि हात मांडीवर ठेवून बस. तू नुसतं सांग, काटे आम्ही काढू.