पुढच्या पाइपावरचं नाव

धायरी, पुणे
८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की शेजारचे भांडण समजून खिडकीत येतात, म्हणून पत्र. आईने पाठवलेली लाखोळीची डाळ मिळाली. पहिल्या दिवशी करपवली, दुसऱ्या दिवशी बरी झाली. आईला फक्त दुसऱ्या दिवसाचं सांगा.

अनिरुद्ध साहेबांची सायकल तयार झाली. हे ते कारखानदार, ज्यांचं माप घ्यायला मला तीन आठवडे लागले आणि तुम्ही विचारलं होतंत की माणूस आहे की मांडव. तुमच्या कोट शिवायच्या दुकानात शेठजी गिऱ्हाईकाला उभं करून माप घ्यायचे आणि आकडे मागच्या खोलीत तुमच्याकडे यायचे. माझं तसं नाही. मला माणूस वाकलेला, दमलेला, घामाघूम झालेला बघावा लागतो. त्यांच्या मागे मी कात्रजचा घाट तीनदा चढले. उजवा पाय डाव्यापेक्षा जरासा आखूड, मान डावीकडे कलती, दमले की पुढे सरकून बसतात. हे सगळं धरून मी पाइप कापले, झाळून जोडले, फ्रेम उभी केली. परवा त्यांनी सिंहगडापर्यंत चालवून पाहिली. उतरल्यावर म्हणाले की दहा वर्षांत पहिल्यांदा पाठ दुखली नाही. मला इतका आनंद झाला की चहात साखर घालायची राहिली.

मग त्यांनी हँडलखालच्या पुढच्या पाइपावर बोट ठेवलं. माझ्या प्रत्येक सायकलवर तिथे मी पितळेची अक्षरं कापून झाळते, गजभिये म्हणून. त्यांचं म्हणणं, ते काढावं. एवढ्या महागाच्या सायकलवर असलं आडनाव बरं दिसत नाही, एखादं इटालियन वाटणारं नाव टाकू. दोन-तीन नावं त्यांनी शोधूनही ठेवली आहेत. ऐकलं तर त्यांच्या ग्रुपमधले आठ जण माझ्याकडूनच सायकली करून घेतील. आठ म्हणजे दोन वर्षांचं काम, बाबा. नाही ऐकलं तर ते ही सायकलसुद्धा नेणार नाहीत, आणि त्यांच्या अंगाला बेतलेली सायकल दुसऱ्या कुणाच्याच कामाची नाही.

१९ तारखेला, रविवारी, उत्तर द्यायचं आहे. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. लोभ आहेच, या खेपेला तो जरा लवकर पोस्टात पडावा.

तुमची,
आम्रपाली


नागपूर
१३ जानेवारी २०२५

चि. आम्रपालीस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने माझ्या हातातून ओढून वाचलं. डाळीचा मजकूर यापुढे जपून लिहावा.

नावाचं म्हणशील तर काढून टाक. कानस घेतलीस तर दहा मिनिटांचं काम आहे. मी छत्तीस वर्षं सीताबर्डीच्या त्या दुकानात कोट कापले. अर्ध्या नागपूरचे नवरदेव माझ्या हातचे कोट घालून बोहल्यावर चढले, आणि कॉलरच्या आत लेबल शेठजींचं होतं. मी कधी तक्रार केली नाही. त्याच कात्रीवर तुझं इंजिनिअरिंग झालं. आपल्या आडनावाने मला आयुष्यात एक दार उघडून दिलं नाही, दोन-चार बंद मात्र केली. त्याच्यासाठी हातातलं काम घालवणं मला पटत नाही.

तू कंपनीतली नोकरी सोडलीस तेव्हा मी काही बोललो नाही. आई बोलली, ती माझ्या वाट्याचंही बोलली. पण आता सांगतो. सायकल चांगली झाली हे तुला माहीत आहे, त्यांना माहीत आहे. तेवढं पुरे समज आणि लोकांशी भांडत बसू नकोस. तिकडे एकटी आहेस, आम्हाला काळजी वाटते.

तब्येतीला जप. या म्हाताऱ्याचं ऐकलंस तर लोभ वाढेल, न ऐकलंस तरी आहे तेवढा राहील.

तुझा,
बाबा


धायरी, पुणे
२० जानेवारी २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं नाही. कानस मी घेतली नाही.

अनिरुद्ध साहेब काल आले. मी त्यांना सांगितलं की आपला पाय मोजला, मान मोजली, पाठ मोजली, त्यात इटली कुठेच सापडली नाही. त्यांनी समजावलं की भावनेच्या भरात धंदा होत नाही, नीट विचार कर. मी म्हटलं की नीट विचार केला म्हणूनच अक्षरं झाळली, नाहीतर स्टिकर चिकटवला असता. त्यांचा आगाऊ भरणा मी परत केला. ते गाडीत बसून गेले, आणि त्यांच्याबरोबर ते आठ जणही गेले.

सायकल मी दाराशी टांगली आहे, रस्त्याकडे तोंड करून. येणारा-जाणारा नाव वाचतो. काम हातात नाही आणि भीती वाटते, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पण पश्चात्ताप तिळाएवढाही नाही.

आता एक विचारते. मी सात वर्षांची होते. कोपऱ्यावरच्या बद्रीनाथजींच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्यांच्या अंगात राखाडी कोट होता. त्याच्या कापडाच्या उरलेल्या चिंध्या तुम्ही घरी आणल्या होत्यात, आठवडाभर मी त्यांच्याशी खेळले होते. मी भर मांडवात ओरडले की हा कोट माझ्या बाबांनी शिवलाय. बद्रीनाथजींनी कॉलर उलटून सगळ्यांना लेबल दाखवलं आणि हसले. सगळेच हसले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात की पोरीचा काहीतरी गैरसमज झालाय.

माझा गैरसमज झाला नव्हता, बाबा. मी खरं बोलले होते आणि तुम्ही मला चारचौघांत खोटं पाडलंत. मला लोकांच्या हसण्याचं काही वाटलं नाही, तुमच्या बोलण्याचं वाटलं. आजही वाटतं. पितळेत ती अक्षरं कापते तेव्हा मी एकटीचं नाव कापत नाही, तुमचंही कापते. ते मी काढणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी नाही.

चिडून लिहिलं आहे, पण लोभाला त्याची झळ लागू देऊ नये ही विनंती.

तुमची,
आम्रपाली


नागपूर
२७ जानेवारी २०२५

चि. आम्रपालीस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र शुक्रवारी आलं. माझा चष्मा सापडेना, म्हणून आईने मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर तिने माझा चष्मा शोधून आणला आणि पत्र माझ्यापुढे ठेवलं. तुझ्या आईला तू ओळखतेस, त्यावरून काय ते समज.

मला वाटलं होतं, लहान आहेस, विसरशील. मी स्वतः विसरलो नव्हतो. त्या मांडवात शेठजी दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांच्या गिऱ्हाईकापुढे मी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कात्री हातात राहिली नसती. भ्यालो. त्यापायी पोटच्या पोरीला खोटं पाडलं. आज लाज वाटते, आणि लिहिताना जास्त वाटते.

काल झेंडावंदन आटोपलं आणि घरी न येता मी बद्रीनाथजींकडे गेलो. ऐंशीच्या पुढे आहेत आता, अंगणात उन्हाला बसले होते. सुनेने बसायचा आग्रह केला, मी बसलो नाही. उभ्याउभ्या सांगितलं की मुलीच्या लग्नातला तुमचा राखाडी कोट माझ्या हातचा होता, माझी आम्रपाली खरं बोलली होती आणि खोटं मी बोललो होतो. त्यांना ना तू आठवलीस, ना कोट. तो म्हणे केव्हाच कुणाला तरी देऊन टाकला. इतक्या वर्षांनी त्याचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं की तुमचं काही नसेल, माझं आहे. आवाज मात्र निघाला. बहिऱ्याचा आवाज तसा मोठाच असतो. आई म्हणते, आपल्या दारापर्यंत ऐकू आला.

माझं मागचं पत्र फाडून टाक. ती सायकल दारातून हलवू नकोस. भीती वाटते तर वाटू दे, मलाही काल वाटत होती. डाळ आईने पुन्हा पाठवली आहे, मंद आचेवर शिजव.

राग उरला असेल तर रागासकट लोभ असू दे.

तुझा बाबा,
दीनानाथ कोंडीराम गजभिये
कटिंग मास्तर