ताईच्या बांगड्या चौदा कॅरेटच्या निघाल्या

प्रिय ताई,

तू जपायला दिलेल्या बांगड्या आज मी तुला न विचारता सराफाकडे नेल्या. ह्यांचं ऑपरेशन उद्यावर आलंय आणि घरात विकण्याजोगं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

सराफाने त्या कसोटीवर घासल्या. "चौदा कॅरेट आहे, बाई. घट धरून तुमच्या अंदाजाच्या निम्मेच येतील."

मी भांडलेच. "आईने ताईला बावीसच्या केल्या होत्या!"

त्याने आतला शिक्का पाहिला. "त्या मोडून या मीच घडवल्या. धाकटीची कॉलेजची फी भरायची होती त्यांना."

मला तिथेच रडू फुटलं. तरीही विकल्या, ताई. पैसे अजून अपुरेच आहेत.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. आता तुला फोन करून फक्त मदत मागेन.

तुझी,
धाकटी