निगेटिव्हवरची पेन्सिल

मामा, आज सकाळी पुण्याची एक मुलगी दुकानात आली होती. तिच्या आजोबांचा दोन लेन्सचा कॅमेरा तिने कातडी पिशवीसकट काउंटरवर इतक्या जपून ठेवला, की आजोबांनाच धरून आणून बसवलंय असं वाटावं. शटर अडकलं होतं. घरी कुणीतरी त्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, हे तिने अगदी शेवटी, खाली बघत सांगितलं. माझ्या तोंडून पटकन तुमचंच वाक्य निघालं, "तेल कशाला वतलं? ती काय बैलगाडी हाय?" मुलगी आधी दचकली आणि मग हसत सुटली. मला मात्र तुमची फार आठवण आली. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होत आली. आता पुण्याकडची, नगरकडची पोरं रोलचे कॅमेरे शोधत शिरूरला येतात, आणि त्यांना मी तुम्ही शिकवलेलं सगळं सांगते. एक गोष्ट सोडून. ती कुणालाच सांगितलेली नाही, तुम्हालाही नाही, म्हणून लिहायला बसले.

मी सून होऊन तुमच्या घरात आले तेव्हा रांजणगावला एमआयडीसी नुकती उभी राहत होती. तुमच्या मुलाला तिथे नोकरी लागली होती आणि तुमच्या फोटो स्टुडिओत पाऊल टाकायची त्यांची इच्छा नव्हती. माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीतलं. माझ्या रुखवतात भरतकाम होतं, बोरं-चिंचांची शोभा होती आणि एका कोपऱ्यात मी पेन्सिलीने काढलेलं रेल्वेचं इंजिन होतं. तुमच्याकडच्या बायका हसल्या होत्या. गणपती काढायचा सोडून पोरीनं इंजिन काढलंय म्हणाल्या. मी मान खाली घालून उभी होते आणि मनातून सगळ्यांना चांगलं सुनावत होते. तुम्ही फेटा सावरत त्या चित्राजवळ गेलात, चष्मा कपाळावर चढवून नाक कागदाला टेकेल इतकं वाकलात आणि विचारलंत, "ह्या चाकाचे आरे मोजून काढले का अंदाजानं?" मी म्हणाले, मोजून. तुम्ही मान हलवलीत. पूजा आटोपून चार दिवस झाले नाहीत तोच आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलंत, "दुपारची दोन तास ही मला पायजे."

त्या दोन तासांनी माझा जन्म घडवला, हे मी कधी तुमच्या तोंडावर बोलले नाही. आपल्याकडे सासऱ्याशी असं बोलत नाहीत. खिडकीशी तुमची रिटचिंगची पेटी असायची, उतरत्या झाकणाची, मध्ये दुधी काच, खाली आरसा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, पेन्सिलीचं टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं करायचं आणि चेहऱ्यावर जिथे डाग असेल तिथे अगदी हलके टिपके द्यायचे. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. जे फोटोत काळं येणार ते इथे पारदर्शक दिसतं, म्हणून पारदर्शक जागी शिसं भरलं की फोटोत डाग नाहीसा होतो. तुम्ही म्हणायचात, "दाबू नगस. मुंगी चालल्यागत चाल." पहिले दोन महिने मी फक्त टाकाऊ निगेटिव्हवर मुंग्या चालवल्या.

पण तुमचा खरा जीव कॅमेऱ्यांत. लेन्स उघडायची ती अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर, म्हणजे स्क्रू पडला तरी दिसावा. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते म्हणून कॅमेरे पत्र्याच्या डब्यात, सोबत औषधांच्या खोक्यांतल्या त्या ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या. तुमचे चिरंजीव कंपनीतून त्या आणायचे. खडे ओले होऊन गुलाबी पडले की तुम्ही ते घेऊन थेट स्वयंपाकघरात यायचात आणि तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचात. आत्यांनी एकदा तवा ओढून घेतला होता. "भाकरीच्या तव्यावर इख भाजताय व्हय?" दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून वेगळा तवा आणलात आणि त्याच्या कडेला खिळ्याने 'कॅमेरा' असं कोरलंत. घरात भांड्यांवर लग्नाच्या तारखा आणि माणसांची नावं, आणि तुमच्या तव्यावर कॅमेऱ्याचं. मला ते इतकं आवडलं होतं की मी ते माहेरी पत्रात लिहून कळवलं.

दौंडचा तो दिवसही आठवतो. एक निवृत्त गार्ड आपला घडीचा, भाता मिटणारा कॅमेरा विकणार होते. मला माहेरी सोडायचं निमित्त करून तुम्ही एसटीने माझ्याबरोबर आलात. गार्डसाहेब कॅमेऱ्याच्या गोष्टी सांगत होते, कोणत्या घाटात कोणता फोटो काढला वगैरे. तुम्ही कॅमेरा कानाशी धरला, डोळे मिटले आणि एका सेकंदाचं शटर दाबलंत. आत बारीक कुर्रर झालं. परत दाबलंत. गार्डसाहेब बोलायचे थांबले, त्यांना वाटलं पाहुणे देवाचं नाव घेतायत. "आवाज शेवटाला बसतोय," तुम्ही मला म्हणालात, "आत तेल वाळलंय. लायटरच्या पेट्रोलनं धुतलं की बोलंल." आणि तो बोलला, मामा. पुढच्या आठवड्यात तुम्ही तो माझ्या कानाशी धरलात, तेव्हा ती कुर्रर शेवटपर्यंत एका दमात गेली. चांगल्या कारागिराचे डोळे बघावेत असं म्हणतात, मी तुमचे कान बघितले.

डोळ्यांचं मला नंतर कळलं. मोतीबिंदू उतरत होता आणि डॉक्टर म्हणत होते अजून पिकला नाही, थांबा. तुम्ही घरात कुणाला सांगितलं नव्हतंत. फोटो तुम्ही काढायचात, फोकस अंतर मोजून लावायचात, पण निगेटिव्हवरचं सगळं काम हळूहळू माझ्याकडे सरकवलंत. वर लोकांना सांगायचात, "सूनबाईचा हात माझ्यापेक्षा बरा हाय." मी फुशारले. पंचविशीच्या आत कुणी असं म्हटलं की माणूस फुशारतोच.

त्याच पावसाळ्यात वडगाव रासाईचा तो मेंढपाळ घरातला माणूस आला. त्याची आई वारली होती. चार महिन्यांपूर्वी ती कसल्याशा अर्जासाठी आपल्याकडे फोटो काढून गेली होती. मी तेव्हा दौंडला होते, फोटो तुम्ही काढला होतात. उभ्या जन्मात तिचा तेवढाच फोटो. छोट्या प्रती सगळ्या अर्जाला लागून गेल्या होत्या, राहिली होती ती आपल्या पाकिटातली निगेटिव्ह. दहाव्याला मोठा करून फ्रेममध्ये हवा होता. तुम्ही पाकीट माझ्या हाती दिलंत आणि म्हणालात, "आईचा हाय. जपून."

मी जपूनच काम केलं. तेच तर झालं. तिचा फोटो काढलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरली म्हणून तुम्ही ती त्या पावसाळ्यात दोनदा उघडली होती, आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर निगेटिव्हमध्ये मला बारीक पारदर्शक ठिपके दिसले. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर. मी म्हटलं, बुरशीचे डाग. भरले. मग सुरकुत्या जरा जास्तच वाटल्या, त्याही हलक्या केल्या. फोटो मोठा करून काचेवर वाळवला तेव्हा माझी मीच खूश. अशी तुकतुकीत म्हातारी शिरूर तालुक्यात झाली नसेल.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तिचा मुलगा आला. खांद्यावरचं घोंगडं बाकावर ठेवून त्याने दोन्ही हातांनी फोटो घेतला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे न बघता तुम्हाला म्हणाला, "आप्पा, फोटू बदलला वाटतं. ही आमची आय न्हाई."

"तुझीच हाय की," तुम्ही म्हणालात.

"न्हाई. आयचं गोंदाण कुठंय? कपाळाला व्हतं, गालाला व्हतं, हनुवटीला व्हतं. लहानपणी मांडीवर पडून त्येच बघायचो मी." त्याचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "उद्याच्याला समदी भावकी येनार. ह्यो फोटू म्होरं ठेवून कुणाच्या पाया पडायचं?"

तुम्ही त्याला बसवलंत, चहा मागवलात आणि मला पडद्याआड डार्करूममध्ये बोलावलंत. मी म्हणाले, मामा, मला वाटलं लेन्सची बुरशी आहे.

"आन् सुरकुत्या? त्या बी बुरशीच व्हत्या?"

तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आज प्रत्येक शिकणाऱ्याला ऐकवते. "घाण काचंची काढायची, पोरी. माणसाच्या तोंडावरचं काय बी आपलं न्हाई." ओरडला नाहीत. उलट आवाज इतका खाली आणलात की मला कान द्यावा लागला. मग म्हणालात, "शिसं टर्पेंटाइननं उतरतं. पण माझ्या डोळ्याचा आता भरवसा न्हाई. तुलाच उतरवाया लागंल. निगेटिव्ह गेली तर त्याची आई दुसऱ्यांदा गेली, ध्यानात ठेव." असं म्हणून तुम्ही बाहेर गेलात आणि मी ऐकत असताना त्याला सांगितलंत, "चूक आमच्या हातची हाय. आईच्या फोटूत काय वंगाळ न्हवतं. सांजच्या गाडीच्या आत मिळंल." दुसऱ्या कुणी लॅबवर ढकललं असतं, कागदावर ढकललं असतं, सुनेवर तर नक्कीच ढकललं असतं. तुम्ही 'आमच्या' म्हणालात. तुमच्याबद्दल मला जे वाटतं त्यातलं निम्मं त्या एका शब्दामुळे वाटतं.

संध्याकाळी पाचला तो परत आला. मी नवीन फोटो त्याच्या हातात दिला. सुरकुत्या होत्या, कपाळावर गोंदण होतं, गालांवर होतं. त्याने बोट फिरवत फिरवत खाली आणलं, हनुवटीवरच्या तीन ठिपक्यांवर थांबवलं आणि तिथेच त्याला रडू फुटलं. "हीच. हीच माझी आय." तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला, माझ्याहून वयाने कितीतरी मोठा माणूस. तो गेल्यावर तुम्ही पत्र्याच्या डब्यातून दौंडचा तो घडीचा कॅमेरा काढून माझ्यापुढे ठेवलात. "आजपासनं ह्यो तुझा. चूक कुणाची बी हुती. सुधारायला हात सच्चा लागतो, तो तुझा हाय." पुढे पाबळपासून न्हावऱ्यापर्यंत लग्नाच्या ऑर्डरीला मला एकटीला पाठवायचात आणि कुणी नाक मुरडलं की हेच सांगायचात, "सून हाताची सच्ची हाय."

मामा, माझा हात सच्चा नव्हता. कपाळ नीट उतरलं, गाल उतरले. हनुवटीपाशी मात्र मी अडले. शिसं निघेना म्हणून मी बोळा दाबून घासला. मुंगी विसरले. कापसात कसला कण होता कोण जाणे, फिल्मवरचा थर सोलून निघाला. तिच्या हनुवटीच्या जागी नुसती पारदर्शक चीर राहिली. फोटोत तिथे काळा ओरखडा आला. मी तो ब्लेडच्या टोकाने खरवडून पांढरा केला, ब्रशने हनुवटी रंगवली आणि तिच्यावर तीन ठिपके काढले. बुरशी समजून भरताना मी ते मोजले नव्हते; किती होते आणि कसे होते, हे त्यानेही सांगितलं नव्हतं, आणि बाहेर येऊन विचारायची माझी छाती झाली नाही. माझ्या आईच्या हनुवटीवर आहेत तसेच काढले, दोन वर, एक खाली. तुम्ही फोटो हातात घेऊन खिडकीकडे धरलात, पण तुम्हाला काय दिसत होतं ते मला माहीत होतं. मी त्याचाच फायदा घेतला.

ऑपरेशन होऊन दोन्ही डोळे स्वच्छ झाल्यावर तुम्ही एकदा तीच निगेटिव्ह बघायला मागितलीत. आपण दोघांनी अख्खी दुपार पाकिटं उलथीपालथी केली. तुम्हाला वाईट वाटलं, कारण तुमच्या हातून तोवर एकही निगेटिव्ह हरवली नव्हती. शेवटपर्यंत म्हणत राहिलात, माझ्याच हातून कुठंतरी गेली. ती तेव्हा माझ्या पेटीत, लग्नातल्या साडीच्या घडीत होती. आजही तिथेच आहे.

हे लिहिताना मला सारखं वाटत होतं की तुम्ही असतात तर आज सांगून मोकळी झाले असते. आता वाचून बघितलं आणि कळलं, तेही खरं नाही. तुम्ही या घडीला समोरच्या बाकावर येऊन बसलात तरी हा कागद मी घडी करून लपवेन. तुमच्या तोंडचं ते 'सच्ची' मला अजून हवं आहे.