शेंगा पिकेपर्यंत

हिदार महिना, ९
जव कापून झाला. आठ पोती! नवरा होता तेव्हा ह्याच तुकड्यात चौदा निघायची. शेण सगळं चुलीत जातं, मातीला मिळणार काय? पण जवात पेरलेला चाऱ्याचा वेल मात्र हिरवागार उभा आहे. शेतीखात्यातला माणूस बी देताना म्हणाला होता, "शेंगा वाळू दे, बी धरून ठेव, मगच गुरं सोड. दोन-तीन वर्षांत माती सुधारेल." त्याची बदली झाली. आता दुसरं बी मिळायचं नाही.

हिदार १२
शेताला काट्यांचं कुंपण घातलं. गावात असं कुणी केलेलं नाही — कापणी झाली की रान सगळ्यांच्या गुरांचं. शेजारची झेनेबेच गाय घेऊन बाहेर उभी.
"काय गं वुबालेम, सोनं पेरलंयस का आत?"
"महिनाभर थांब."
"मला नको सांगू. गाईला सांग!"

हिदार २१
गावातले वडीलधारे, गाशे देमिसेव आले. गावात मयताचं सगळं तेच बघतात. दोन पेले तेल्ला, आपली घरची जवाची दारू, प्यायले, मग म्हणाले, "तुझं कुंपण तुझ्यापाशी, पोरी. आमची फावडी आमच्यापाशी."
सासूबाईंनी अंथरुणातून ऐकलं. ते गेल्यावर म्हणाल्या, "मी काय इतक्यात मरत नाही. जा, सांग त्यांना!" मी हसले. मग चुलीकडे तोंड करून रडले.

हिदार २७
सासूबाईंनी आज जवाच्या लाह्यासुद्धा तोंडात घातल्या नाहीत.

ताहसास २
खालच्या शेंगा पिवळ्या, वरच्या अजून हिरव्या. दहा दिवस हवेत.
शेजारणींना कॉफीला हाक मारली, कुणी आलं नाही. झेनेबेचच्या गाईच्या बरगड्या दिसतात. मी कवळाभर वेल कापून तिच्या अंगणात टाकला. संध्याकाळी माझ्याच दारात परत पडलेला! राग आला. त्याहून जास्त लाज वाटली.

ताहसास ६
सासूबाईंचा खोकला थांबत नाही. धाप लागते. तरी हात धरून म्हणाल्या, "कुंपण काढू नकोस हं. मला काय, कुठेही टाक."
कुठेही कशी टाकू? पुरायचं चर्चपाशी, आणि तिथवर चढण आहे. घरात पुरुष नाही. मला फार भीती वाटते.

ताहसास ८
सासूबाई पहाटे गेल्या. रडलेसुद्धा नाही. तोंडावर कापड घातलं आणि तडक शेतावर गेले. काटे हातानेच ओढून काढले. गुरं चरायला निघालीच होती. "सोडा आत!" म्हणून ओरडले. बघता बघता वेल संपला. चार दिवस राहिले होते फक्त.
मग फावडी मागायला देमिसेवांच्या दारात गेले. ते घरी नव्हते. त्यांची बायको म्हणाली, "ते कधीच गेले गं चर्चकडे, चार जण घेऊन. तुमच्याकडचा खोकला बंद झाला तेव्हाच झेनेबेच येऊन सांगून गेली. आणि खड्डा अडवतं का कुणी? नुसता धाक घालत होते तुला." माझ्या रक्ताळलेल्या हातांकडे बघून तिने पाणी आणलं. म्हणाली, "निम्मा खणून झाला असेल आत्तापर्यंत."